कुंकू लागलेला माइक

"आजारी कोण आहे? माझी मशिनं की तुमची सिस्टिम?" प्लँट हेड शेख साहेबांनी विचारलं. मीटिंग रूमच्या भिंतीवरच्या स्क्रीनवर लाइनमधली सगळी मशिनं लाल दिसत होती. लाल म्हणजे आतलं बेअरिंग खराब व्हायला लागलंय. पण सगळ्यांची बेअरिंगं एकदम कशी जातील?

महाळुंग्याच्या या कंपनीसाठी आम्ही ही सिस्टिम बनवली होती. प्रत्येक मशीनजवळ एक माइक आणि एक छोटा कॉम्प्युटर. माझा प्रोग्रॅम ठरावीक वेळानं मशीनचा आवाज रेकॉर्ड करायचा, त्याची फाइल बनवायचा आणि इंटरनेटवरून आमच्या सर्व्हरला पाठवायचा. नेट गेलं तर फाइल जपून ठेवायची, आलं की पुन्हा पाठवायची. आवाज नेहमीपेक्षा वेगळा वाटला की सर्व्हर मशीन लाल करणार.

ती लाल-हिरवी स्क्रीन मात्र निखिलची. निखिल माझ्यानंतर लागला. पिंपळे सौदागरला राहतो, इंग्रजी फाडफाड. आमचे तांबे सर प्रत्येक क्लायंटला आधी स्क्रीन दाखवायचे आणि म्हणायचे, "हे आमच्या निखिलचं काम!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आवाजच पोचला नाही तर याची स्क्रीन काय डोंबल दाखवणार? त्यात या मीटिंगमधल्या डेमोनंतर नव्या प्लँटच्या प्रोजेक्टचा लीड ठरणार होता. मला लीड व्हायचं होतं. खरं सांगू? निखिल होऊ नये, हे त्याहून जास्त हवं होतं.

म्हणून स्क्रीन लाल झाली तेव्हा मला आधी गुदगुल्याच झाल्या. तेवढ्यात निखिल शांतपणे म्हणाला, "सर, डिस्प्ले बरोबर आहे. अपलोडमध्ये डेटा खराब होतोय."

म्हणजे माझं काम! सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मी तिथेच लॅपटॉप उघडला. फाइल निघताना जेवढी होती, तेवढीच सर्व्हरवर पोचली होती. अपलोड ठणठणीत. मग हेडफोन लावून ती फाइल ऐकली. आवाज घुसमटलेला, तोंडावर गोधडी घेऊन कुणी बोलावं तसा. शिवाय मधूनमधून काहीतरी सळसळत होतं.

मी तडक खाली लाइनवर गेले. दसऱ्याची सुट्टी संपून पहिलाच दिवस. सुट्टीआधी खंडेनवमीला मशिनांची पूजा झालेली, झेंडूचे हार अजून तसेच. आणि माझ्या प्रत्येक माइकलाही एक छोटा हार! जाळीवर ओल्या हळद-कुंकवाचा थर वाळून घट्ट बसलेला.

"शिंदेमामा, अहो हे काय?"

लाइनचे सुपरवायझर शिंदेमामा गावातलेच. "पूजा केली की, मॅडम! मशिनाची करायची अन् याला तसाच ठिवायचा व्हय? ह्यो बी दिसभर राबतोय."

मला हसावं की रडावं कळेना. आख्ख्या प्रोजेक्टमध्ये माझ्या कामाला हात जोडणारा हा एकच माणूस. त्यांच्यावर काय चिडणार? हार उतरवले, ब्रशनं जाळ्या साफ केल्या आणि निखिलला फोन लावला. "माइकच्या जाळीत कुंकू बसलं होतं. आता बघ."

तो फोन म्हणजे माझा शुद्ध गाढवपणा.

वर पोचले तोवर स्क्रीन हिरवी आणि निखिल तिच्यासमोर उभा. "आमची सिस्टिम इतकं बारीक ऐकते सर, की चिमूटभर कुंकूसुद्धा सुटलं नाही."

"क्या बात है! शोधलं कुणी?" शेख साहेबांनी विचारलं.

"टीम एफर्ट, सर," निखिल म्हणाला. तांबे सरांनी त्याची पाठ थोपटली.

लीड निखिलच झाला. सर मला म्हणाले, "तुझा साइटवर हात चांगला बसलाय गं, तुला तिथेच ठेवू." मी जळले. अजून जळते, लपवत नाही. तेव्हापासून बिघाड सापडला की मी फोन करत नाही. स्वतः वर जाते आणि क्लायंटसमोर सांगते.

पुढच्या मीटिंगला शेख साहेबांनी विचारलं, "पूजा तर दरवर्षी होणार. मग माइकचं काय करायचं?"

निखिलनं माझ्याकडे बघितलं. उपाय मला माहीत होता, सोपा होता.

"लीड सांगतील, सर," मी म्हणाले आणि चहाचा कप उचलला.