कौतिक पेंटरचे हत्ती

एरंडोलला माझं सायकलचं दुकान, आणि समोरच्या खोलीत कौतिक पेंटर एकटा राहायचा. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, त्यानंतर त्याने दुसरं लग्न केलं नाही. बोलायला माणूस हवा म्हणून माझ्याकडे येऊन बसायचा, आणि येऊन बोलायचा मात्र काही नाही. माझा जीव अगदी मेटाकुटीला यायचा.

आमच्याकडे लग्नघराच्या ओट्यावरची भिंत रंगवतात. दारावर गणपती, दोन्ही बाजूंना सोंडेत माळ घेतलेले हत्ती, खाली नवरानवरीचं नाव, कोपऱ्यात पेंटरचं. कौतिक हे काम पारोळ्याच्या निंबा पेंटरकडे शिकला. निंबानानांच्या हत्तींची सगळ्या तालुक्यात वाहवा. डोळे अर्धे मिटलेले, सोंड ऐटीत वर. लग्नसराईत नाना एकटे कुठे कुठे पुरणार? मग लोक कौतिकला धरून आणायचे आणि बजावायचे, ‘नानांसारखेच काढ हं.’ तो काढायचा. खाली नाव मात्र लिहायचा नाही. दुसऱ्याचा हात वापरून आपलं नाव लिहिणं ही चोरी, असं तो म्हणायचा. आमच्या गावात चोरीची एवढी बारीक व्याख्या दुसऱ्या कोणालाच सुचली नसती.

पासष्ट साली चंपालाल शेठजींच्या मुलीचं लग्न ठरलं. त्या वेळी कौतिकच्या मनाने उचल खाल्ली. एक तरी भिंत आपली असावी. हत्ती सोडून त्याने बैलगाड्यांचं वऱ्हाड काढलं. गाडीत बसलेली नवरी मागे वळून गाव बघतेय. मला ते फार आवडलं होतं, आजही डोळ्यांसमोर आहे. शेठाणी धनकुंवरबाई बाहेर आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, “कौतिकभाऊ, घरात लग्न आहे, गुरांचा बाजार नाही.” दुपारपर्यंत भिंतीवर चुन्याचा हात फिरला. संध्याकाळी कौतिक त्याच चुन्यावर निंबानानांचे हत्ती काढत बसला होता. मला शेठाणीचा असा राग आला की मी लग्नात जेवलोच नाही. त्याने कोणाचं काही बिघडलं नाही.

लग्नाला निंबानाना आले. भिंतीपाशी थांबले. आता भांडण होणार म्हणून निम्मा मांडव जेवण सोडून गोळा झाला.

“ह्या हत्ती मना शेतस,” नाना म्हणाले.

“हा, नाना. तुमनाच शेतस.”

“मंग तुना कोठे शेतस?”

कौतिकचं जे होतं ते चुन्याखाली होतं. नानांनी भिंत नीट बघून घेतली, मग त्याच्या पाठीवर हात ठेवून निघून गेले. जमलेल्या लोकांची घोर निराशा झाली.

त्यानंतर कौतिकने स्वतःचं असं काही काढलं नाही. चौऱ्याहत्तरला नाना वारले. धनकुंवरबाई त्याआधीच गेल्या होत्या. त्यांची सून कुसुमलता दिवाळीला घर रंगवून घेत होती, तिने रंगाऱ्यांना सांगितलं, “ते हत्ती तसेच ठेवा. निंबा पेंटरच्या हातचे आहेत.” कौतिक तिथून चालला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो पुढे झाला आणि म्हणाला, “ते मी काढलेत, वहिनी.” ती हसली. वाईट नाही हसली, तेच वाईट. “गुरू होते ना तुमचे,” म्हणाली, “तसं वाटणारच.” मी साक्ष द्यायला गेलो, तर मी कौतिकचा दोस्त म्हणून माझी साक्षही बाद.

कौतिक दुसऱ्या दिवशी पारोळ्याला गेला, नानांच्या बायकोला, बेबाबाईंना भेटायला. परतला तो थेट माझ्या दुकानात. चेहरा वेगळाच. म्हातारी त्याला म्हणाली होती, “तुना हत्ती त्या दुरथीन वळखेत. म्हनेत, मना हत्ती वऱ्हाडमा येतस. कौतिकना हत्तीसले कोनी आवतनच देल नही, आशा उभा ऱ्हातस.”

नानांचे हत्ती वऱ्हाडात आलेले, कौतिकचे बोलावणंच नसल्यासारखे उभे; म्हणजे एवढी वर्षं हात त्याचा स्वतःचाच होता. तो ओळखणारा एकच माणूस होता, आणि तो पारोळ्यात बसून गप्प राहिला. नानांचा मला तेव्हा भयंकर राग आला. एक शब्द बोलले असते तर काय झालं असतं?

कौतिकने मला हाताला धरून चंपालाल शेठजींच्या ओट्यावर नेलं. “बघा भाऊ,” म्हणाला, “दिसस का?”

मी बघितलं. जवळून बघितलं, मागे सरून बघितलं. अर्धे मिटलेले डोळे, सोंडा, माळा. निंबानानांचे हत्ती.

“दिसतंय की,” मी म्हणालो. जरा घाईनेच म्हणालो.

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. हात सोडला.

“जाऊ द्या भाऊ,” म्हणाला. “दुकान उघडं शे तुमनं.”