पाठमोरे नत्थुजी आणि माझं इंग्रजी

नत्थुजी मामा तिवशाजवळच्या आमच्या गावच्या दंडारीतले, म्हणजे इकडच्या लोकनाट्यातले, सोंगाड्या. पन्नास वर्षं झाली, नाचगाणं सुरू असताना मधेच घुसून लोकांना हसवायचं काम त्यांचं. आमच्या दंडारीची रीत अशी, की सोंगाड्यानं लोकांकडे पाठ करूनच यायचं. आधी मागच्या खांबाला रामराम, मग वळून माणसांना. ही रीत मामांच्या अंगात एवढी मुरली, की बँकेतही ते उलटे शिरतात.

मामांच्या नातीला, प्रणालीला, पाहायला शेंदूरजनाघाटची मंडळी येणार होती. पोरगा शिवम अमरावतीत ती काम करते त्याच दवाखान्यात कामाला. दोघांचं आधीच जुळलेलं. घोडं अडलं होतं ते पोराच्या बापापाशी. ओमप्रकाशजी म्हणजे संत्र्याची बाग आणि कडक इस्त्री. मामांच्या सुनेनं, जमुनानं, मामांना बजावलं की धंदा विचारला तर शेती सांगा, दंडारीचं नाव काढू नका. मी मामांचा भाचा; मला म्हणाली, भाऊजी, तुमी तर बोलूच नका.

बरोबरच होतं तिचं. मी चांदूर रेल्वेच्या एका कॉलेजात लायब्ररीचा शिपाई. जाडजूड इंग्रजी कोशांवरची धूळ झटकता झटकता थोडी अक्षरं नाकात गेली, आणि मी स्वतःला प्रोफेसर समजू लागलो.

मंडळी बसली. मामा चहाचा ट्रे घेऊन निघाले आणि घाबरले. घाबरल्यावर माणूस सवयीनंच चालतो. पाठमोरे आले, खांब नव्हता म्हणून दाराच्या चौकटीपुढं मान लववली, मग गर्रकन वळले. चहाचा थेंब सांडला नाही.

"हे काय करून राहिले?" ओमप्रकाशजी म्हणाले.

जमुनानं माझ्याकडे पाहिलं. ती गप्प राहा म्हणत होती. मला वाटलं, सावरा म्हणते.

मी सुरू झालो. मामा सोंगाड्या आहेत, पण त्यात लाज कसली? इंग्रज सोंगाड्याला क्लाऊन म्हणतो, आणि चारशे वर्षांपूर्वी हा शब्द खेड्यातल्या गावंढळ माणसासाठी होता. काही पंडित तर त्याचं नातं मातीच्या ढेकळाशी लावतात. शहरवाल्यांनी खेडूत नाटकात आणला, त्याला हसले, आणि शब्द सोंगाड्याला चिकटला. सोंगाड्याचा दुसरा शब्द बफून, म्हणजे गाल फुगवून फुस्सकन हवा सोडणारा. तिसरा शब्द झेनी, ते तर मुळात इटलीतलं साधं नाव, आपल्या पिंटूसारखं. नाटकात मालकाची नक्कल करणारा नोकर. इथं थांबलो असतो तर निभलं असतं. पण मी बोट वर करून निकाल दिला, "म्हंजे जुन्या इंग्रजीत, भाऊसाहेब, खेड्यातले तुमीबी क्लाऊनच."

ओमप्रकाशजींनी कप खाली ठेवला.

मामा पुढं झाले. "याच्या बोलन्यावर जाऊ नका. तो नक्कल करनारा नोकर म्हंते ना, तो हाच. पन सोंगाड्या मी, हे खरं हाये. पोरीनं नाही लपवलं, आमीच लपवून राहिलो होतो."

कळवतो म्हणून मंडळी उठली. आठ दिवस घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. प्रणालीनं मला मोबाईलवर ब्लॉक केलं.

नवव्या दिवशी ओमप्रकाशजींचा फोन आला. लग्न पक्कं. म्हाताऱ्यानं तोंडावर खरं सांगितलं, एवढं त्यांना पुरलं. मामांनी मांडवात पाठमोरंच यावं, त्यांच्या लोकांना पाहायचं आहे. अट एकच, "त्या लायब्ररीवाल्या भाच्याला जेवू द्या पोटभर, पन माईक त्याच्यापासून दूर ठेवजा."

माईक नेमका कुठं ठेवणार, हे मी अजून विचारलेलं नाही.