सुटला होता ना, वहिनी?

बहारीनमध्ये गुदैबियातल्या आमच्या बिल्डिंगचा खालचा दरवाजा कायम बंद असायचा. पाहुण्याने रस्त्यावरून हाक मारायची आणि वरून कुणीतरी किल्ली टाकायची, अशी रीत. आम्ही सगळे किल्ली टाकायचो म्हणजे नुसती टाकायचो. भाऊजी मात्र गॅलरीत येऊन टाचा उचलायचे, मनगट वळवून किल्ली सोडायचे, आणि ती खालच्या माणसाच्या ओंजळीत पडेपर्यंत त्यांचा उजवा हात तसाच वर. मनगट वाकलेलं, बोटं लोंबती. किल्ली पोहोचली की हात खाली घेत म्हणायचे, "एकदा सुटलं का आपलं काम खलास जी."

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल, ज्याचं एक वेड सगळ्या अंगात भिनलेलं असतं. मोज्यांचा बोळा, बटाट्याची सालं, रिकामी पुडी, काहीही टाकलं की भाऊजींचा हात वर. माझी मुलगी त्यांना तोंडावर 'स्टॅच्यू अंकल' म्हणायची. त्यावर ते आणखी थोडा वेळ हात वर ठेवायचे.

ते नात्यातले नव्हेत, माझ्या नवऱ्याच्या कंपनीत एसी टेक्निशियन होते. मूळचे नागपूरचे. फॅमिली व्हिसा मिळण्याएवढा पगार नसल्यामुळे बायको आणि मुली तिकडेच, आणि हे आमच्या वरच्या मजल्यावर चौघांत एक खोली करून. एप्रिलात जयंती आली की त्यांची खीर बिल्डिंगभर फिरायची, केरळच्या आजींपासून खालच्या पाकिस्तानी शिंप्यापर्यंत. मी पडले कोल्हापूरची, तोंडाची फटकळ. त्यांचं 'काहून' ऐकून मला हसू यायचं आणि माझं 'व्हय की' ऐकून त्यांना.

त्यांची एकच गोष्ट होती, आणि ती सगळ्या बहारीनला सांगून झाली होती. कॉलेजात ते बास्केटबॉल खेळायचे. कॉलेजांच्या स्पर्धेची फायनल, आणि यांची टीम एका गुणाने मागे.

"शेवटचा सेकंद, वहिनी. बॉल माह्या हाती. समोर त्यायचा एक पोट्टा, हात माह्या तोंडासमोर. मी उडी मारली, बॉल सोडला, मंग शिट्टी झाली. बॉल रिंगात! अन् रेफ्री असा करून राह्यला." इथे ते दोन्ही हात कात्रीसारखे फिरवायचे. बास्केट रद्द, म्हणजे बॉल शिट्टीनंतर सुटला. "सुटला होता ना, वहिनी?"

"अहो, मला काय विचारताय? मी तेव्हा कोल्हापुरात फ्रॉक घालून फिरत होते."

"हाव, ते बी आहेच," म्हणायचे आणि चहा उचलायचे.

जिंकलेल्या टीममधल्या मुलांना खेळाच्या कोट्यातून सरकारी नोकऱ्या लागल्या, हे मला नवऱ्याकडून कळलं. भाऊजींनी नोकरीचं नाव कधी काढलं नाही. त्यांना सलत होतं ते वेगळंच. एकदा कोथिंबीर निवडत बसले असताना म्हणाले, "रेफ्रीचं जाऊ द्या. माह्याच टीमचे पोट्टे म्हणले, तूच उशीर केला. एकानं तरी म्हणाव ना, हाव, सुटला होता." कोथिंबिरीची देठं त्यांनी डब्यात टाकली. त्या वेळी मात्र हात वर राहिला नाही, ते मी पाहिलं.

शुक्रवारी सुट्टी. एका शाळेच्या मागे सिमेंटचं मैदान होतं, तिथे आमच्या लोकांच्या मॅचेस व्हायच्या. भाऊजी रेफ्री, मी गुणांच्या पाटीवर. आधी वेळ कुणाच्या तरी मनगटावरच्या घड्याळाने धरायचे आणि दर शुक्रवारी त्यावरून हमरीतुमरी. शेवटी भाऊजींनीच तोडगा काढला. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची अजान सुरू झाली की मॅच संपली. "मशिदीच्या घडीसंगं कोण भांडन?" तेव्हापासून आमच्या मॅचला अजान हाच शेवट. पहिला स्वर आला की खेळणारे जागच्या जागी थांबायचे आणि अजान होईपर्यंत कुणी ब्र काढायचं नाही. त्याआधी हातातून सुटलेला बॉल मात्र धरायचा.

म्हणून उन्हं उतरली की मी बॉल पाहायचं सोडून भाऊजींनाच पाहायची. सगळ्या मैदानाचे डोळे रिंगकडे, आणि यांचे खेळणाऱ्याच्या बोटांवर.

"बॉल पाहाले सारं गाव आहे," ते म्हणायचे. "बोटायकडं एकानं तरी पाहाव."

मग एका वर्षी जनाबियाची टीम खेळायला आली. व्हिलांत राहणारी मंडळी, गाड्यांतून आली, बूट कोरे करकरीत. त्यांचा कॅप्टन इंजिनियर होता, तोही नागपूरचा. भाऊजी त्याच्याकडे पाहतच राहिले. मॅच झाल्यावर चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आले आणि कानाशी म्हणाले, "वहिनी, हाच तो. माह्या तोंडासमोर हात होता ना, तो हाच!"

मी त्या माणसाकडे नीट पाहिलं. जगात एकाच माणसाने ती बोटं जवळून पाहिली होती, आणि तो इथे आमच्या मैदानावर उभा राहून चहा पीत होता.

भाऊजी त्याच्यासमोर गेले. शर्ट नीट केला, कॉलेजचं नाव सांगितलं, फायनल सांगितली आणि विचारलं, "सर, सुटला होता ना?"

इंजिनियरसाहेब क्षणभर कपात बघत राहिले. "कोणती मॅच? सॉरी हं, इतकी वर्षं झाली. आय रिअली डोन्ट रिमेंबर."

"हाव, हाव. कोण ध्यानात ठेवते जी," असं म्हणून भाऊजी हसले. घरी येताना खालचा समोसेवाला "यल्ला, चला, गरम आहेत" म्हणून ओरडला, तर त्याच्याकडेही पाहिलं नाही. मी नवऱ्याला म्हटलं, एवढी मोठी मॅच, माणूस विसरेल कसा? नवरा म्हणाला, जिंकणारा विसरतो.

त्याच हिवाळ्यात कपची फायनल झाली, गुदैबिया आणि जनाबिया. आम्ही एका गुणाने पुढे, सूर्य टेकलेला, आमची पोरं नाचायच्या बेतात. इतक्यात बॉल जनाबियाच्या त्या कॅप्टनच्याच हातात गेला. त्याने उडी मारली आणि अजानचा स्वर आला. बॉल बोर्डाला लागून रिंगात पडला.

नियमाप्रमाणे सगळे गप्प. अजान होईपर्यंत सगळं मैदान भाऊजींकडे बघत उभं होतं, आणि ते खाली मान घालून. त्यांनी नुसते हात कात्रीसारखे फिरवले असते तर इकडून कुणी हूं की चूं केलं नसतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, फिरवा हो, फिरवा! देवाने स्वतःच्या हाताने संधी दिलीय.

अजान संपली. भाऊजींनी मान वर केली आणि दोन बोटं वरून खाली आणली. बास्केट धरली.

मग काय विचारता! "आपलाच माणूस उलटला," "साहेबांपुढे शेपूट घातली," नाही नाही ते बोलले लोक. माझा नवरा आमच्या टीमचा कॅप्टन. त्याने बोलणं टाकलं. पुढच्या शुक्रवारी शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात होती. मी मात्र भाकऱ्या घेऊन वर गेले आणि सरळ विचारलं, "त्या माणसाला दिलीत? त्याला?"

"मंग काय करू जी? सुटला होता ना."

"आणि तुमचा?"

त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. "माह्या येळी कोणी पाह्यलं नाही, वहिनी. म्हणून काय मी बी डोळे मिटून घेऊ?"

काही महिन्यांनी कंपनीने व्हिसा वाढवला नाही. सामान ते काय, एक बॅग आणि दोऱ्यांनी बांधलेलं खोकं. टॅक्सी खाली उभी होती तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, खालच्या दरवाजाची किल्ली खिशातच राहिली. मी आणि नवरा गॅलरीत आलो. भाऊजींनी भर रस्त्यात टाचा उचलल्या आणि किल्ली वर सोडली. इतके दिवस अबोला धरलेल्या माझ्या नवऱ्याने ती अलगद झेलली आणि त्याला रडू फुटलं. खाली भाऊजींचा हात वरच होता. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला तेव्हा कुठे खाली आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी खालून हाक आली. पाहते तर इंजिनियरसाहेब. किल्ली टाकली. वर आले, बसले, पाण्यालाही हात लावला नाही.

"ते भेटतील का?"

"गेले," मी म्हटलं. "कायमचे."

त्यांचा चेहरा उतरला. "मला आठवतंय ती मॅच. तेव्हाही आठवत होती. बॉल माझ्या बोटांवरून गेला, आणि मग शिट्टी झाली. सुटला होता." मग म्हणाले, "कॉलेजच्या त्या कपवर मला पहिली नोकरी लागली. तिच्या जोरावर इथली. कसं सांगणार होतो? आणि त्यांनी मला बास्केट दिली हो."

"मग इतके दिवस कुठे होता?" मी ओरडलेच. घरी आलेल्या माणसावर ओरडू नये, पण ओरडले. त्यांनी मान खाली घातली.

भाऊजींनी जाताना नागपूरच्या शेजाऱ्यांकडचा एक फोन नंबर दिला होता. इंजिनियरसाहेबांना समोर बसवून मी तो फिरवला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "ते तं खोली सोडून गेले जी. मुलीकडं का कुठं, आम्हाले नाही सांगितलं." पुढे नागपूरकडचा कुणी भेटला की मी विचारायची. नाही लागला पत्ता.

आज आम्हीही परत आलोय. दार उघडायला किल्ली टाकावी लागत नाही. तरी खालून कुणी हाक मारली की मी उगाच गॅलरीत जाते.

तुम्हाला माणसं न्याहाळायची सवय असणार, नाहीतर इथवर वाचलं नसतं. तेव्हा एक काम करा. कुठे बसस्टँडवर, दवाखान्यात, बाजारात एखादा म्हातारा कागदाचा बोळा टाकून हात तसाच वर धरून उभा दिसला, तर हसू नका. जवळ जा आणि सांगा, भाऊजी, वहिनींचा निरोप आहे. सुटला होता.