डॉक्टरीणबाईंचा चष्मा

मी चांगली नटी होते. हे मीच सांगायला हवं, कारण आमच्या घरात दुसरं कुणी सांगणार नव्हतं.

ऐंशीच्या दशकात टीव्ही घरोघरी पोचला आणि एका हिंदी मालिकेत मला डॉक्टरीण व्हायला मिळालं. मुंबईच्या मुली हिंदी बोलू लागल्या की दिग्दर्शक कपाळाला हात लावायचे. मी नागपूरची, आमच्याकडे भाजीवालीशी अर्धं भांडण हिंदीतच होतं. काम मिळालं ते या जोरावर, आणि गाजलं ते चष्म्यामुळे.

चष्मा माझा स्वतःचा, जाड भिंगांचा. दिग्दर्शकांना तो नको होता, पण त्याच्याशिवाय मला समोरचा माणूस धड दिसत नसे. एका प्रसंगात एका आईला तिचा मुलगा गेल्याचं सांगायचं होतं. तालमीत त्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघून मला शब्दच फुटेना. शेवटी मी चष्मा काढला. चेहरा पुसट झाला आणि वाक्य आपसूक बाहेर आलं. दिग्दर्शक म्हणाले, हेच ठेव. तेव्हापासून वाईट बातमी द्यायची असली की डॉक्टरीण अवाक्षर न बोलता आधी चष्मा काढायची. लोकांनी ते असं उचललं की रस्त्यात मी घाम पुसायला चष्मा काढला तरी बायका छातीवर हात ठेवत. मला याचा गर्व होता. अजूनही आहे.

पण पिकतं तिथे विकत नाही. बाबांचा काटोलला संत्र्यांचा व्यापार होता. ठरलेलं लग्न मोडून मी मुंबईला निघाले तेव्हा ते म्हणाले होते, "आता मी तुले ओळखत नाही अन् तू मले." आणि माणूस शब्दाला पक्का निघाला. सणाला मी घरी गेले की माझ्याच शेजारी जेवायला बसायचे, पण मिठाची वाटी आईकरवी मागायचे. मालिका लागली की खुर्ची उचलून ओसरीत जायचे आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचे. आई हळहळायची, "त्याईनं तुले एकदाही पाह्यलं नाही वं." मला ते फार लागायचं. घरोघरची माणसं बघत होती, आणि मला मात्र न बघणारा तेवढा एकच दिसायचा.

मग बाबांच्या पोटात गाठ निघाली. नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्यांना भरती केलं. मी शूटिंग टाकून धावत आले, तर वॉर्डात निराळाच गोंधळ. "डॉक्टरीणबाई आल्या!" म्हणत गावोगावचे पेशंट उठून बसले. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको कामठीची होती. तिने तर थेट गुडघाच पुढे केला.

"मावशी, मी खोटी डॉक्टर आहे," मी म्हटलं.

"असू द्या. गोळी तं खरी सांगा!"

सगळे हसले. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ऑपरेशनला ते साफ नाही म्हणत होते. "मले कापाकापी नाही करायची. डॉक्टर लोक खरं सांगत नाही. मरायचंच आहे तं घरी जाऊन मरतो," एवढंच त्यांचं पालुपद. खऱ्या डॉक्टरांनी मला खोलीत बोलावून सांगितलं की गाठ आत्ता काढली तर बाबा सावरतील, उशीर झाला तर काही हाती राहणार नाही. "तुम्हीच समजवा," ते म्हणाले. ज्यांनी मला इतकी वर्षं मीठसुद्धा मागितलं नव्हतं, त्यांना मी समजावायचं होतं.

खाटेजवळ स्टूल ओढून मी बसले. "बाबा," म्हटलं. त्यांची पाठ केवढी वाळली होती! मला रडू आवरेना. भिंगं ओली झाली, काही दिसेना, म्हणून पुसायला माझा हात चष्म्याकडे गेला.

"अवं माय! चष्म्याले हात नका लावू, बाई!" कामठीची मावशी ओरडली.

बाबा गर्रकन वळले. ते माझ्याकडे बघत नव्हते, चष्म्याच्या दांडीवरच्या माझ्या बोटांकडे बघत होते. ते घाबरले होते. माझ्या बापाला घाबरलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

मी हात खाली घेतला. पदराचं टोक खालून आत सरकवून भिंगं तशीच पुसली आणि चष्मा नाकावर घट्ट बसवला. आता सगळं लख्ख दिसत होतं, दाढीचे पांढरे खुंट, सुकलेले ओठ, पाण्याने भरलेले डोळे. तो चेहरा पुसट करायची सोय नव्हती. आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य मी उघड्या डोळ्यांनी म्हटलं.

"बाबा, गाठ आहे. आता काढली तं तुम्ही बरे होता. धोका आहे, पण थांबण्यात जास्त आहे. मी काहीच लपवून नाही राहिली."

ते बराच वेळ चष्म्याकडे बघत राहिले. मग मला नाही, पायथ्याशी बसलेल्या आईला म्हणाले, "काढला नाही तिनं. सांग डॉक्टरले, करून टाका म्हणा."

आई चकित झाली. "अवो, तुमाले काय ठाऊक चष्म्याचं? तुमी तं ओसरीत बसता."

"ओसरीले खिडकी नाही का?" म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

ऑपरेशन नीट पार पडलं. बाबा घरी आले. त्यानंतरही मालिका लागली की ते खुर्ची उचलून ओसरीतच जात. फक्त आता खुर्चीचं तोंड खिडकीकडे असे.