फ्लेक्स डांबरात चालत नाही

प्लास्टिकचा रस्ता बघायला संगमनेरहून निघाले, तेव्हा तिथवर नेणारे बाकीचे रस्ते कसे असतील याचा विचार केला नव्हता. जिल्हा एकच म्हणायचा, पण या टोकाहून त्या टोकाला जाईपर्यंत माणूस मेटाकुटीला येतो. नगरपर्यंत बरं होतं. पुढे एके ठिकाणी ‘काम चालू, रस्ता बंद’ अशी पाटी. काम मात्र कुठेच चालू नव्हतं. शेतातून वळसा घालून एसटी जामखेडला पोचली तेव्हा माझ्या कमरेचे टाके ढिले झाले होते.

स्टँडवर सुनीता आली होती. बचत गटांच्या एका मेळाव्यात आमची ओळख झाली होती. जामखेडपलीकडच्या तिच्या वस्तीवरच्या बायका घरोघरचं प्लास्टिक गोळा करतात, धुतात, वाळवतात आणि पंचायतीच्या मशीनवर त्याचा चुरा करतात. डांबराच्या प्लँटवर हा चुरा तापलेल्या खडीवर टाकला की वितळून खडीला चिकटतो, मग वर डांबर. त्यांच्याच वस्तीचा रस्ता त्यातून होणार होता.

रात्री जेवायला शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे वळलेले तुकडे, रश्शात शिजवलेले) होते. डोळ्यांतून पाणी काढणारे, पण मी दोनदा मागून घेतले.

“आमचा कोयता यंदा जायाचा न्हाई,” सुनीता म्हणाली. ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दसरा झाला की निम्मी वस्ती कारखान्यांकडे निघते. ही लग्न झाल्यापासून जाते आहे. “पोरगी धाव्वीला हाय. प्लँटनं माल घेतला की मशीनचं काम कायम, आसं पंचायत म्हनली. मुकादमाला मी आजून व्हय म्हनलं न्हाई.”

सकाळी पोती टेम्पोत भरून आम्ही प्लँटवर गेलो. तिथल्या इंजिनिअरने पहिलं पोतं उघडलं, मूठभर चुरा तळहातावर पसरला आणि कपाळाला आठ्या घातल्या. चुऱ्यात एक डोळा होता. अर्धी मिशी होती. जोडलेल्या हातांची बोटं होती.

“हे फ्लेक्स आहे. तापवलं की विषारी धूर सुटतो. चालत नाही म्हणजे नाही.”

मी सुनीताकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

झालं होतं असं. तालुक्यात एक भाऊ आहेत. त्यांचे वाढदिवसाचे फलक चौकाचौकांत लागतात. त्यांनी ‘फ्लेक्समुक्त तालुका’ जाहीर केला आणि जुने फलक टेम्पोत घालून समारंभाने वस्तीवर आणले. नारळ फुटला, हार झाले, आणि भाऊंनी स्वतःच्या हाताने स्वतःचाच फोटो मशीनमध्ये घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“तू बोलली का नाहीस?” माझा आवाज चढला.

“सत्कार व्हता, ताई. सत्कारात कोन न्हाई म्हनतं?”

खरंच, कोण म्हणतं? मीही आयुष्यात कितीतरी शाली निमूट घेतल्यात. पण तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं होतं. वर्षभर धुतलेल्या पिशव्यांची एका नारळात माती!

इंजिनिअर तसा बरा माणूस होता. “निवडून द्या, साफ तेवढं घेतो,” म्हणाला. प्लँटच्या कुंपणाशी ताडपत्री टाकून आम्ही बसलो. फ्लेक्सचा तुकडा जाड, आत दोऱ्यांची वीण. हाताला लगेच कळतो. उन्हं उतरेपर्यंत आम्ही भाऊंना वेचून बाजूला काढत होतो. बहुतेक पोती घेतली गेली. “पुढचा माल असाच साफ आणा,” असंही तो म्हणाला. सुनीताने पदराने तोंड पुसलं आणि पहिल्यांदा हसली.

परतलो तर मशीनच्या शेडपुढे मांडव. भाऊ स्वतः हजर, हातात शाल, मागे फलकांचा आणखी एक टेम्पो.

“या ताई, उभ्या राहा इथं. फोटो काढू.”

सुनीता जागची हलली नाही. “भाऊ, दुधाच्या पिशव्या द्या. फ्लेक्स नगं. माल मागारी येतो.”

भाऊ हसले. “आमची ताई इंजिनिअर झाली म्हणायची!” मग सगळेच हसले. टेम्पो वळला, आणि शालही गाडीतून परत गेली. मला तिथल्या तिथे टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

दुसऱ्या दिवशी वस्तीच्या रस्त्यावर काम सुरू झालं. काळाभोर, गुळगुळीत पट्टा बघून मी समाधानाने निघाले. परतीच्या खड्ड्यांनासुद्धा शिव्या घातल्या नाहीत.

दिवाळीनंतर सुनीताचा फोन आला. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज होता.

“श्रीगोंद्याकडं हाय, ताई. उसाच्या फडात.”

“आणि मशीन?”

“भाऊंच्या गावात नेलं. तितं गट न्हाई, पन शेड मोटी हाय.”

“पोरगी?”

“मावशीकडं ठिवली.”

संताप आला. भाऊंचा आला, शब्द फिरवणाऱ्या पंचायतीचा आला, समाधानाने घरी परतलेल्या माझाही आला. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “रस्ता कसा झालाय गं?”

“लई ग्वाड झाला,” ती म्हणाली. “आमाला न्यायला ट्रक पार दारात आला. यंदा धक्केबी बसले न्हाईत.”