लापशीचा पहिला घास

पक्षाघातातून उठल्यावर मला सगळ्यात जास्त वीट कशाचा आला असेल, तर मदतीचा. उजवा हात लुळा पडलेला, म्हणून कित्येक महिने सूनबाई मला भरवत होती. प्रेमानेच भरवायची बिचारी. पण "आई, आ करा" म्हटलं की माझं डोकं फिरायचं. तेव्हाच अकोले तालुक्यातल्या डोंगरावरच्या आमच्या देवीला बोलले, हात चालू दे, मग माझं ओझं मीच वाहून तुझ्यापाशी येईन, माझ्या हाताने लापशी शिजवीन, कुणाचा आधार घेणार नाही. हा नवस बोलताना देवीवर श्रद्धा किती होती आणि माणसांवर राग किती, ते मला आजही सांगता येत नाही.

हात सुधारला. डॉक्टरांनी परवानगी दिली, घरच्यांनी मात्र जीव नकोसा केला. केडगावच्या आमच्या गच्चीवर मी पाठपिशवीत पीठ भरून फेऱ्या मारायचे, डोंगरावर मुक्काम पडलाच तर म्हणून एकटीने तंबू उभारायचा सराव करायचे, आणि शेजारीण विचारायची, "काकू, घरात भांडण झालंय का?" मुलगा म्हणे, ओझ्याला माणूस घे. मी पिशवी भरली की सूनबाई गुपचूप तीत काहीतरी कोंबायची आणि मी ते चिडून बाहेर काढायचे. शेवटी गर्दी नसणारा आडवार बघून राजूरची एसटी पकडली.

चढताना पट्ट्यांनी खांदे सोलून काढले, पण मी कुणाला हाक मारली नाही. दुपारी देवीच्या ठाण्याशी पोचले. शेंदूर फासलेला उघड्यावरचा दगडी तांदळा, भोवती कारवीचं रान, माणूस औषधालाही नाही. स्टोव्ह पेटवून लापशी केली, नैवेद्य दाखवला. आणि मग लक्षात आलं. आमच्या घरात देवीचा प्रसाद आधी दुसऱ्या कुणाच्या तरी मुखी लागतो, मगच आपण खायचा; त्याशिवाय नवस फिटत नाही. सासूबाईंनी यात कधी सूट दिली नव्हती. पिशवीत पाणी होतं, दोरी होती, औषधं होती, बॅटरीचे जास्तीचे सेलसुद्धा होते. प्रसाद घ्यायला माणूस तेवढं नव्हतं, आणि ते मी मुद्दाम टाळून आले होते. तांदळ्यासमोर बसून मी चक्क भांडले. एवढं सगळं करवून घेतलंस, आता माणूस कुठून आणू? लापशी गार झाली, पोटात कावळे ओरडायला लागले, धुकं उतरलं. मला रडू फुटलं.

तेवढ्यात कारवीतून शिव्या ऐकू आल्या. चुकलेल्या म्हशीला शोधत एक बाई आली, कोपरापर्यंत चिखलाने माखलेली. मी जवळजवळ ओरडलेच, "मावशी, प्रसाद घ्या हो!"

"घेते की. सकाळधरनं पोटात काय न्हाई," ती म्हणाली. मग स्वतःचे हात बघून म्हणाली, "पर हात लई घान हायेत. तूच घाल तोंडात."

आणि तिने खुशाल आ केला. हात धुवायला पाणी द्यावं, हे मला सुचलंच नाही. मी उजव्या हाताने घास पुढे केला. थोडी लापशी तिच्या हनुवटीवर सांडली, तशी ती हसली आणि म्हणाली, "आजून दे." तिच्या चेहऱ्यावर लाजेचा लवलेश नव्हता. मी भरवत राहिले. लांब कुठेतरी म्हैस हंबरली आणि बाई लगबगीने धुक्यात निघून गेली. ती देवी होती की म्हशीची मालकीण, या वादात मी पडत नाही. हात देवीने आधीच दिला होता. त्या दुपारी न मागता जे दिलं, त्यासाठी मी रोज दिवा लावताना तिचे उपकार मानते.

घरी आले तेव्हा उजवा खांदा इतका सुजला होता की हात ताटापर्यंत जाईना. सूनबाई शेजारी बसली. तिने घास उचलला आणि माझ्या रागाच्या धास्तीने तसाच हातात धरून ठेवला.

मी आ केला.