बायडाबाईचा मंगळवारचा पाऊस

नगरपासून सात कोसांवरच्या त्या गावात तिफण जुंपण्याआधी लोक बायडाबाईला विचारत. पंचांग सांगणारी कुणी विद्वान बाई होती, असं मात्र समजू नका. मिशनच्या शाळेत झाडलोट करायची. पहाटे अंगणात उभी राहून वारा हुंगायची आणि फर्मान सोडायची.

"आज बुरंगाट हाय, वाळवण घालू नका."

"ही नुसती भुरभुर. ढेकूळसुद्धा भिजायचं न्हाई."

"उगवतीला गडगडतंय. हत्ती येतोय, कडबा झाका!"

बुरंगाट म्हणजे बारीक झिमझिम, हत्ती म्हणजे हस्ताचा पाऊस. रब्बीची ज्वारी त्याच्याच भरवशावर, त्यामुळे या फर्मानाची सगळे वाट बघत. चारांतून तीनदा तिचं खरं व्हायचं. चौथ्यांदा ती ढगांनाच अशी फैलावर घ्यायची, की तिची चूक काढायची कुणाची छाती व्हायची नाही.

शाळेच्या पटांगणात सरकारी पावसाचं यंत्र होतं. जस्ताचा डबा, वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी आठला शमुवेल मास्तर बाटलीतलं पाणी खुणांच्या काचेच्या नळीत ओतायचे आणि किती इंच, किती सेंट, म्हणजे इंचाचे शंभरावे भाग, ते वहीत लिहायचे. कुंपणापासून शेळ्या हाकणं, नरसाळ्यातला पाला काढणं हे काम बायडाबाईचं. अकरा वर्षं तिनं ते यंत्र पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. आदल्या साली मास्तर तापानं अंथरुणाला खिळले आणि वहीत दोन दिवस कोरे राहिले. तपासणीला आलेला साहेब बजावून गेला, "पुन्हा एक दिवस जरी कोरा दिसला, तरी यंत्र दुसऱ्या गावाला नेऊ." त्या दिवशी बायडाबाई जेवली नाही.

त्रेचाळीस सालचा दसरा आठवड्यावर आला होता. शाळेला सुट्टी लागलेली. रविवारी दुपारी मास्तरांना निरोप आला, की त्यांची लेक दीना बाळंतपणासाठी नगरच्या इस्पितळात दाखल झाली आहे. पहिलंच बाळंतपण! मास्तरांनी पिशवीत धोतर कोंबलं आणि निघता निघता सांगितलं, "बायडाबाई, बुधवारी दुपारी येतो. रोज सकाळी आठची मोटार गेली की यंत्रातलं पाणी वेगवेगळं काढून ठेवा. थेंब सांडू देऊ नका. मी आलो की मोजतो."

"तुमी बिनघोर जा मास्तर. पोरीकडं बघा, पावसाकडं मी बघते."

तिनं दवाखान्यातून औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्या मागून आणल्या आणि राखेनं घासून लख्ख केल्या. सोमवारी तळाला जेमतेम पाणी निघालं, नुसतं बुरंगाट. सोमवारी संध्याकाळी मात्र हत्ती असा कोसळला, की ओढ्याला पाणी आलं आणि गडीमाणसं भिजत नाचली. मंगळवारची बाटली जवळजवळ गळ्यापर्यंत भरली. प्रत्येक बाटलीवर पाणी जिथवर आलं तिथं बायडाबाईनं बाहेरून चुन्याची बारीक रेघ ओढली. ऊन लई चोरटं, ठेवलेलं पानीबी उडवतं, असं तिचं म्हणणं. बाटल्या घरी कोनाड्यात ओळीनं मांडल्या.

मंगळवारीच लेक मालनला घेऊन जावई आला, गोरक्षनाथ. लढाईच्या टंचाईतही बायडाबाईनं कुठूनसा गूळ मिळवून पुरण घातलं. जावईबापूंनी नऊ पोळ्या हाणल्या. नऊ! बायडाबाई शाळेचं आवार बघून परत आली, तर हे ओसरीवर पोटावर हात फिरवत बसलेले.

"आत्या, पोट लई दुखत हुतं. पर तुमचं औषध गुणाचं बगा. एका दमात उतार!"

"कंचं औषध?"

"ती मधली बाटली. दवाखान्याचीच न्हवं?"

बायडाबाईनं कोनाड्यातली रिकामी बाटली उचलली. "अवो जावईबापू, मंगळवार प्यालात की तुमी!"

मालन म्हणाली, "आई, रेघेपातूर विहिरीचं पानी भर की. कुनाला कळतंय?"

"नळीला कळतंय! आभाळाचं पानी हलकं, विहिरीचं जड. आकडा चुकला तर मास्तर खोटं पडत्याल. आन मास्तरांना फसवू व्हय मी?"

खरंच, आडाच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि पावसाच्या पाण्यात शिजते, हे कुठल्या बाईला ठाऊक नव्हतं? जड ते जड. आता मंगळवार कोरा राहणार, यंत्र जाणार, आणि तेही आपल्या जावयापायी. ती त्या दिवशी पोळीला शिवली नाही. बुधवारी सकाळी आलेली सर तिनं तिसऱ्या बाटलीत काढली आणि रेघ ओढली, तीसुद्धा डोळे पुसत.

दुपारी मास्तर काचेची नळी, वही आणि पेढे घेऊनच तिच्या घरी आले. मुलगी झाली होती. बायडाबाईनं पेढा हातात धरला, पण तोंडात घातला नाही.

"मास्तर, आधी माझं ऐका. मंगळवार जावयानं प्याला."

मास्तरांना आधी काही उमगलं नाही. उमगलं तेव्हा चष्मा काढून डोळे पुसायची पाळी आली. गोरक्षनाथ दाराआड लपला. हसू आवरल्यावर मास्तरांनी सोमवारचं पाणी मोजून बाटलीत परत ओतलं. मग बुधवारचं नळीत घेतलं. बावीस सेंट. वहीत लिहून ते पाणी फेकलं आणि त्याच बाटलीत चुन्याच्या रेघेपर्यंत विहिरीचं पाणी भरलं.

"आता तुमच्या हातानं ओता, बायडाबाई."

तिनं श्वास रोखून ओतलं. पाणी चढलं आणि बरोबर त्याच खुणेवर थांबलं.

"अगं बया! पर ह्ये तर जड हाय."

"नळी वजन करत नाही. कुठवर भरलं तेवढंच सांगते. तुमची रेघ आहे ना? मग मंगळवार कुठंच गेलेला नाही."

मंगळवारच्या बाटलीत रेघेपर्यंत पाणी भरून मोजलं. नळी तीनदा भरावी लागली. एक इंच आठ सेंट. मास्तरांनी आकडा लिहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात आणखी एक ओळ लिहून मोठ्यानं वाचली, "पाणी सांडले. बायडाबाईने राखलेल्या खुणेवरून मोजले."

"माझं नाव? सरकारच्या वहीत?"

"तुमचंच."

बायडाबाईनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव नेमकं कुठं आहे ते तिनं मास्तरांना विचारून घेतलं. यंत्र गावातच राहणार होतं. मग तिनं पेढा तोंडात टाकला आणि लेकीला हाक दिली.

"मालन, पुरन शिजाया टाक! आन जावईबापूंना म्हनावं, भ्यायचं कारन न्हाई, पोटभर खावा. दुखलंच तर मोजून झालेला सोमवार हाय अजून!"